टिकणारा धंदा आणि रोजचे काम



आजच्या विषयातला ‘शाश्वतता’ हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. आपल्या जुन्या वाङ्मयात शाश्वत म्हणजे आत्मा. कारखाना, दुकान, गिरणी या साऱ्या अशाश्वत वस्तू. त्यामुळे धंद्याच्या संदर्भात हा शब्द कानी पडला की तो समारंभापुरता आहे, असे पुष्कळांना वाटते. मी त्याऐवजी ‘टिकणे’ हे साधे क्रियापद वापरणार आहे. धंदा आज चालतो. तो आपल्या नातवंडांच्या काळात चालेल काय, आणि तो चालत असता त्याच्या भोवतालचे पाणी, जमीन व माणसे टिकतील काय, एवढाच माझ्या लेखी या शब्दाचा अर्थ आहे.

ग्रो हार्लेम ब्रुंट्लांड या नॉर्वेच्या विदुषींच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये जगाला सांगितले, की आजच्या पिढीने आपल्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात, की पुढच्या पिढीला तिच्या गरजा भागविणे अशक्य होऊ नये. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे तत्त्व आयोगावाचून ठाऊक होते. घरात कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याच्या कणगीला तो हात लावीत नसे. धंद्यात अडचण अशी, की बियाणे कोणते आणि खाण्याचे धान्य कोणते, हे जमाखर्चाच्या वहीत वेगळे लिहिलेले नसते. ते रोजच्या कामात ओळखावे लागते.

हे सारे हवेत बोलण्यापेक्षा एकच धंदा घेऊन त्याचा हिशेब मांडू. मी साखर कारखाना घेतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला आता पाऊणशे वर्षे होत आली. या काळात महाराष्ट्राच्या निम्म्या राजकारणाची आणि कितीतरी गावांच्या चुलींची सूत्रे या धंद्यात गुंतली. शिवाय टिकाऊ कारखानदारीतले जे काही चांगले आणि जे काही वाईट असू शकते, ते सारे या एका आवारात पाहावयास मिळते.

शंभर टन उसाचा हिशेब

गव्हाणीत १०० टन ऊस पडला असे समजा. त्यात सुमारे ७० टन नुसते पाणी असते. साखर निघते १० ते ११ टन. बगॅस, म्हणजे गुऱ्हाळावर आपण ज्याला चिपाड म्हणतो, तो निघतो २८ ते ३० टन. त्याचेही निम्मे वजन पाण्याचेच. मळी निघते ४ टनांच्या आसपास, आणि रस निवळताना खाली बसलेला गाळ, ज्याला कारखान्यात प्रेसमड म्हणतात, तो निघतो ३ ते ४ टन.

या यादीत टाकाऊ असे काय आहे? बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरून वीज होते, आणि तीच वाफ पुढे रस आटवते. मळीपासून मद्यार्क आणि इथेनॉल होते. प्रेसमड शेतात खत म्हणून जातो. राहिले पाणी. रस आटताना ते वाफ होऊन निघते आणि थंड झाले की पुन्हा पाणी होऊन हाती येते. म्हणजे निसर्गाने या धंद्याला कच्च्या मालाबरोबरच इंधन आणि पाणीही देऊन ठेवले आहे. इतके भाग्य लोखंडाच्या किंवा सिमेंटच्या धंद्याच्या वाट्याला आलेले नाही.

असे असता, कित्येक कारखाने नदीतून पाणी का उचलतात? आणि ओढ्यात काळे पाणी का जाते? हा नुसत्या यंत्रांचा दोष असता तर नवी यंत्रे आली की तो गेला असता. तो पूर्णपणे जात नाही. कारण त्याचे मूळ पाळीपाळीच्या कामात आणि त्या कामामागच्या हिशेबात आहे. हा हिशेब नीट समजावा म्हणून मी कामाचे तीन प्रकार करतो. काही कामे अशी, की ती केल्याबरोबर त्याच हंगामात पैसा वाचतो. काही अशी, की फळ मिळते, पण उशिरा. आणि काही अशी, की त्यांचे फळ कारखान्याच्या वहीत कधीच दिसत नाही. ते दुसऱ्याच कोणाच्या तरी पदरात पडते. धंद्याला उपदेश करणारे लोक या तिहींची सरमिसळ करतात, आणि म्हणून त्यांचा उपदेश वाया जातो.

पहिला प्रकार : लगेच पदरात पडणारे

गुऱ्हाळावर आपण रस उघड्या काहिलीत आटवतो. चुलवाणात चिपाड सारावे, काहिलीतून वाफ निघावी आणि ती आभाळात जावी. त्या वाफेत घातलेली सारी उष्णता आभाळाच्या मालकीची होते. अमेरिकेत लुईझियाना प्रांतातही एकोणिसाव्या शतकात असाच प्रकार होता. तेथे एका ओळीत मांडलेल्या कढयांतून उकळता रस एकीतून दुसरीत पळ्यांनी काढीत नेत, आणि हे काम गुलाम करीत. हातपाय भाजणे तेथे नेहमीचेच होते.

तेथल्या न्यू ऑर्लीन्स शहरात १८०६ साली नॉर्बर्ट रिल्यू नावाचा मुलगा जन्मला. बाप गोरा, आई कृष्णवर्णीय. तो पॅरिसला शिकला, वाफेचे शास्त्र शिकला आणि परत आला. त्याने विचार केला तो असा : पहिल्या भांड्यातल्या रसातून निघणारी वाफ दुसऱ्या भांड्याखाली का घालू नये? मात्र दुसऱ्या भांड्यातला रस त्या वाफेने उकळावयाचा तर तो कमी उष्णतेवर उकळला पाहिजे. डोंगरावर पाणी लवकर उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी. तसा दाब बंद भांड्यात कमी केला की काम झाले. १८४३ मध्ये त्याने या युक्तीचे पेटंट घेतले. आज प्रत्येक साखर कारखान्यात एकापुढे एक उभी असलेली जी उंच भांडी दिसतात, ती रिल्यूची भांडी होत. एक किलो वाफेने उघड्या काहिलीत फार तर एक किलो पाणी आटते. चार भांड्यांच्या मालिकेत ते सुमारे चार किलो आटते. दुधाचे डबे आटविणे, समुद्राचे पाणी गोडे करणे अशा कितीतरी कामांत पुढे हीच युक्ती वापरली गेली.

उष्णता एकदा वापरली म्हणजे संपली, असे मानू नये. ती पुन्हा कोठे वापरता येईल ते पाहावे. पहिल्या प्रकारच्या साऱ्या कामांचे तत्त्व एवढेच. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात १०० टन उसामागे ५० टन किंवा त्याहून अधिक वाफ लागे. चांगल्या कारखान्यात ती ४० टनांवर आणि त्याच्याही खाली आली आहे. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्यात शेकडा १० टन वाफेची बचत म्हणजे रोज सुमारे सव्वादोनशे टन बगॅस वाचला. तो विकता येतो, किंवा त्याची वीज करून विकता येते.

पण यंत्र बसविले म्हणजे बचत झाली, असे होत नाही. भांड्यांच्या नळ्यांवर खर बसतो. तो वेळेवर साफ केला नाही तर वाफ अधिक लागते. थंड झालेल्या वाफेचे पाणी, ज्याला कंडेन्सेट म्हणतात, ते उकळत्या पाण्याच्या जवळपास गरम असते आणि अगदी शुद्ध असते. ते बॉयलरला परत दिले तर पाणीही वाचते, इंधनही वाचते. मात्र त्यात चुकून साखर गेली तर बॉयलरला धोका. म्हणून प्रयोगशाळेतला पोरगा ठराविक वेळाने नमुना घेतो, नळीत अल्फा नॅफ्थॉलचे थेंब आणि आम्ल घालून पाहतो. जांभळे कडे दिसले की ते पाणी बॉयलरकडे जाऊ द्यावयाचे नाही. रात्री तीन वाजता ही परीक्षा खरोखर झाली, की वहीत नुसती ‘ठीक’ अशी खूण झाली, यावर हजारो लिटर पाण्याचे आणि लाखो रुपयांच्या बॉयलरचे भवितव्य अवलंबून असते.

आता एका थेंबाचा हिशेब सांगतो. रसाच्या पंपाची ग्लँड गळते आहे, सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर रस झाला. १२० दिवसांच्या हंगामात पाचशे लिटरांहून अधिक. त्यात साखर असते साठ-पासष्ट किलो. साठ किलो साखरेसाठी कोण मालक झोप घालवील? परंतु तो थेंब जमिनीवर राहत नाही. धुण्याच्या पाण्याबरोबर तो नाल्यात जातो. साखर पाण्यात कुजते तेव्हा पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाते. एक किलो साखर पुरती कुजण्यास सुमारे १.१ किलो प्राणवायू लागतो, आणि नदीच्या स्वच्छ पाण्यात एका लिटरमागे प्राणवायू असतो अवघा सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो साखर सुमारे दीड लाख लिटर पाण्यातला प्राणवायू संपवू शकते. नगरपालिकेचे दहा हजार लिटरचे पंधरा टँकर डोळ्यांपुढे आणा. एका ग्लँडची हंगामाची गळती तशीच नदीत गेली, तर ती जवळजवळ नव्वद लाख लिटर पाणी माशांना निरुपयोगी करील. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात आधी गेली, तर तेथे हवा फुंकून तोच प्राणवायू वीज जाळून द्यावा लागेल. विष टाकल्यावाचूनही मासे मरतात ते असे. नदीत जाते ती मुख्यत्वे कारखान्याचीच साखर. फिटरने अर्ध्या तासात ग्लँडचे पॅकिंग बदलले असते तर ती पोत्यात पडली असती.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने साखर कारखान्यांसाठी नियम केला, की शुद्ध केलेले सांडपाणी टनामागे १०० लिटरांहून अधिक बाहेर सोडू नये. उसात स्वतःचे ७०० लिटर पाणी टनामागे असताना हा नियम पाळणे अशक्य नाही. पण तो कार्यालयात पाळता येत नाही. फरशी आधी खराट्याने झाडून मग धुणे, ज्या पाण्याने बेअरिंग थंड केले ते वेगळ्या नळाने परत घेणे, तेल पाण्यात न मिसळू देणे, प्रत्येक विभागाच्या पाण्याला स्वतंत्र मीटर बसविणे, आणि पाळी संपताना त्या मीटरचा आकडा फळ्यावर सर्वांना दिसेल असा लिहिणे, ही त्याची साधने होत. ज्या विभागाचा आकडा वाढला तेथे दुसऱ्या दिवशी चौकशी होते, आणि चौकशी होते हे कळले की आकडा उतरतो.

दुसरा प्रकार : उशिरा फळणारे

दुसऱ्या प्रकारातले पहिले काम देखभालीचे. साखर कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात उघडून ठेवतात. त्या दिवसांत चरक, पंप, नळ्या, झडपा यांची जी दुरुस्ती होते, तिच्यावर पुढचा हंगाम अवलंबून असतो. पैशांची टंचाई आली की सर्वांत आधी कात्री लागते ती या खर्चाला, कारण त्याचा तोटा त्या वर्षी दिसत नाही. तो पुढच्या वर्षी गाळप वारंवार बंद पडून दिसतो; आणि गाळप बंद पडले की भांड्यांतला रस आंबतो, आंबलेला रस नाल्याची वाट धरतो.

दुसरे काम माणसांचे. साखर कामगारांत कायम कामगार असतात तसे हंगामी कामगारही असतात. बंद काळात हंगामी कामगारांना पगाराचा काही हिस्सा देण्याची प्रथा आहे; तिला रिटेन्शन अलाउन्स म्हणतात. पुष्कळ संचालकांना हा पैसा फुकट गेला असे वाटते. परंतु हा कोणता पैसा आहे ते पाहा. पॅनमन पॅनमधली साखर दोन बोटांच्या चिमटीत धरून दाणा कसा आला ते सांगतो. बॉयलरवरचा फायरमन ज्वाळेच्या रंगावरून बगॅस ओला आला हे ओळखतो. ही विद्या पुस्तकात नाही, ती वीस-वीस हंगामांत अंगी येते. तो माणूस पुढच्या ऑक्टोबरात परत यावा यासाठी दिलेला पैसा म्हणजे बियाण्याची कणगी होय. त्याच्या जागी दरवर्षी कंत्राटदाराकडून नवी माणसे आणली, तर पगारपत्रक हलके होते. मात्र कोणती झडप अवघड जाते, कोणत्या नळीला गेल्या वर्षी भेग होती, हे सांगणारा कोणी राहत नाही. कारखान्याची स्मरणशक्ती विकून केलेली ही काटकसर आहे. मी कामगार संघटनेत आयुष्य घालविले म्हणून हे बोलतो असे कोणी म्हणेल. पण बॉयलर संघटनेचा सभासद नसतो, आणि त्याचाही अनुभव हाच आहे.

तिसरे काम जमिनीचे. तोडणी झाली की हेक्टरी आठ-दहा टन पाचट शेतात राहते. ते पेटवून देणे सोपे, म्हणून पुष्कळ ठिकाणी रात्री फड पेटलेले दिसतात. तेच पाचट खोडव्याच्या सरीत पसरून कुजू दिले तर जमिनीत ओल टिकते, तण कमी होते आणि सेंद्रिय अंश परत जातो. कारखान्याचा शेतकी विभाग प्रत्येक सभासदाच्या बांधावर जातच असतो. चिटबॉयने केवळ उसाची नोंद न करता पाचट ठेवले की जाळले याचीही नोंद केली, आणि ठेवणाऱ्याला तोडणीच्या क्रमात किंवा खताच्या दरात काही सवलत मिळाली, तर हे रोजच्या कामाचेच अंग होईल. कारखान्याचा खरा कच्चा माल ऊस नसून जमीन आहे, हे दहा वर्षांनी उतारा आणि टनेज घटल्यावर कळून उपयोग नाही.

तिसरा प्रकार : वहीत न दिसणारे

येथवर मी जे सांगितले, ते शहाण्या मालकाला पटण्यासारखे आहे. पैसा वाचतो, आज नाही तर उद्या. पुष्कळ व्याख्यानांत हा विषय येथेच संपतो, आणि टिकाऊपणा व नफा हे सख्खे भाऊ आहेत असे श्रोत्यांना वाटू लागते. ते पुष्कळदा भाऊ असतात, नेहमी नसतात.

रिल्यूच्याच गोष्टीचा उरलेला भाग पाहा. त्याच्या बंद भांड्यांनी इंधन वाचविले आणि उकळत्या कढयांवर पळ्या घेऊन उभे राहण्यापासून माणसांना सोडविले. पण ज्या मळ्यांवर ती बसली, तेथे शेतातला ऊस गुलामच तोडीत राहिले. तेथली गुलामगिरी १८६५ मध्ये संपली ती युद्धाने आणि कायद्याने. वाफेची काटकसर यंत्राने साधली. माणसाची सुटका त्या यंत्राने झाली नाही, कारण मालकाच्या वहीत त्या सुटकेचा नफा मांडावयास जागाच नव्हती.

आता आपल्या फडात या. बीड, अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू भागांतून लाखो माणसे दर हंगामाला कोयता घेऊन निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि दंड कापला जातो. पहाटे अंधारात मोळ्या बांधावयाच्या, डोक्यावरून गाडीत भरावयाच्या, आणि राहावयास पालाची खोपटी. खाडा परवडत नाही, आजारपण परवडत नाही, महिन्याची अडचणही परवडत नाही. अशा स्थितीत बीड जिल्ह्यातल्या कितीतरी स्त्रियांनी तरुण वयात गर्भाशय काढून टाकले. २०१९ मध्ये हे प्रकरण विधिमंडळात गाजले आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

कारखान्याच्या वहीत ही माणसे नाहीत. त्यांच्याशी करार मुकादमाचा. कारखाना हिरवी वीज विकतो, त्याच्या अहवालात झाडांची छायाचित्रे असतात, आणि त्याच्या गव्हाणीत पडणारी प्रत्येक मोळी कोणाच्या तरी अंगाची झीज करून आलेली असते. याला टिकाऊ धंदा म्हणता येणार नाही. पुढच्या पिढीचे बियाणेच येथे दळले जात आहे. आईबरोबर फडात गेलेले पोर शाळेला मुकते ते वेगळेच.

पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या लातूर जिल्ह्यात साखर कारखाने आहेत. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि पाणी पितो. कारखान्याने आपल्या आवारात थेंबन्‌थेंब वाचविला, पण कुंपणापलीकडे ऊस पाटाने पाणी पीत राहिला, तर बचत कोणत्या कामाची? ठिबक सिंचन, कमी पाण्याच्या पिकांना जागा, आणि पाण्याच्या मानाने गाळपक्षमता ठरविणे या गोष्टी कोणत्याही एका कारखान्याच्या एका वर्षाच्या नफ्यात बसत नाहीत.

तेव्हा तिसऱ्या प्रकारची कामे उपदेशाने होत नाहीत. तेथे कायदा, करार आणि लोकांचे लक्ष ही तीनही लागतात. राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याणकारी महामंडळ काढले आणि त्यासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घेण्याचे ठरविले. हे तत्त्व मला मोलाचे वाटते, कारण त्यामुळे जो खर्च वहीबाहेर होता तो वहीत आला. याच वाटेने पुढे जावयाचे आहे : तोडणी मजुराची नोंद कारखान्याकडे, खाड्याचा दंड बंद, फडाजवळ पाणी, संडास आणि निवारा, हंगामापुरती मुलांची शाळा. यांपैकी प्रत्येक गोष्ट उद्यापासून रोजच्या व्यवहारात आणता येण्यासारखी आहे. वाहतुकीच्या गाडीचे वजन काट्यावर जितक्या बारकाईने होते, तितक्या बारकाईने ती गाडी भरणाऱ्यांची नोंद झाली तरी पुष्कळ होईल.

बोलणाऱ्याला अभय

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. बिघाड प्रथम दिसतो तो हाताने काम करणाऱ्याला. गळणारी ग्लँड हेल्परला दिसते, ओला बगॅस फायरमनला, काळे पाणी नाल्याकाठच्या पहारेकऱ्याला, आजारी बाई गाडीवानाला. हे त्याने सांगितले तर त्याचे काय होते, यावर कारखान्याचा टिकाऊपणा ठरतो. ‘तू तुझे काम कर’ असे उत्तर दोनदा मिळाले, की तिसऱ्यांदा तो सांगत नाही.

याचा सर्वांत भयंकर धडा भोपाळने दिला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. त्या वेळी विषारी द्रव थंड ठेवणारे यंत्र बंद ठेवलेले होते, आणि सुटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. संरक्षणाची साधने कागदावर होती. रोजच्या कामात ती नव्हती. त्या आघातानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या धंद्यांत मालक व कामगार यांचे सारखे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणि धोक्याची सूचना देण्याचा कामगाराचा हक्क, या गोष्टी कायद्यात आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. सुरक्षा समितीचे तत्त्व तिच्यातही आहे. परंतु समिती वर्षातून एकदा चहा पिण्यासाठी भरली तर तिचा उपयोग नाही. तिच्यापुढे दर महिन्याला पाण्याचा, वाफेचा, गळतीचा आणि अपघातांचा आकडा आला पाहिजे. सूचनेची वही दरवाजाजवळ उघडी असावी, प्रत्येक सूचनेपुढे काय केले ते आठ दिवसांत लिहावे, आणि सूचना करणाऱ्याची बदली त्या कारणाने होणार नाही असे संघटनेशी केलेल्या करारात नमूद असावे. एवढ्याला भांडवल लागत नाही.

मोठ्या कंपन्यांना आता अहवाल लिहावे लागतात. शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या जबाबदारीचा अहवाल देणे सेबीने बंधनकारक केले. अहवाल वाईट नाही. मोजल्यावाचून सुधारणा होत नाही. पण अहवाल वर्षाचा असतो आणि थेंब सेकंदाचा. त्या दोहोंना जोडणारा माणूस पाळीवर उभा असतो.

आपल्या गावापुरते

श्रोत्यांपैकी फार थोडे जण साखर कारखाना चालवीत असतील. पण येथे हॉटेलवाले आहेत, छापखान्याचे मालक आहेत, पिठाची गिरणी, कापडाचे दुकान, दवाखाना, गॅरेज चालविणारे आहेत. त्यांनी आपल्या धंद्याला चार प्रश्न विचारून पाहावेत. माझ्या धंद्यात रोज काय काय आत येते, आणि विकल्या जाणाऱ्या मालाखेरीज काय काय बाहेर जाते? हॉटेलवाल्याने आठ दिवस उष्टे अन्न, करपलेले तेल आणि पाण्याचे पिंप मोजून पाहावे. आकडा पाहून तो स्वतःच चकित होईल. दुसरा प्रश्न : जे बाहेर जाते, त्यातले माझ्या किंवा शेजाऱ्याच्या उपयोगी काय आहे? छापखान्याची कागदाची कात्रणे आणि गॅरेजचे जुने तेल गटारात अथवा आगीत जाण्यापूर्वी त्यांना घेणारा कोणी आहे काय? तिसरा : माझी कोणती काटकसर खरी आणि कोणती पुढच्या वर्षावर ढकललेला खर्च? चौथा आणि सर्वांत अवघड : माझा नफा कोणाच्या वहीत तोटा म्हणून पडतो? गटाराकाठच्या वस्तीच्या, की चौदा तास उभे राहणाऱ्या पोऱ्याच्या?

पहिल्या दोन प्रश्नांना शिस्त पुरते, तिसऱ्याला धीर लागतो. चौथ्याला न्यायबुद्धी लागते, आणि ती कमी पडली तर नागरिकांनी, नगरपालिकेने आणि कामगार संघटनेने ती पुरवावी लागते. हे चारही प्रश्न वर्षातून एकदा ५ जूनला झाड लावताना विचारावयाचे नाहीत. दुकानाची फळी उघडताना गल्ला जसा मोजतो, तसे ते रोज मोजावयाचे आहेत. येत्या गळीत हंगामात बॉयलर पेटविण्याचा समारंभ होईल, गव्हाणीत पहिली मोळी पडेल आणि भाषणे होतील. भाषणे संपल्यावर आपल्यापैकी जे सभासद असतील त्यांनी एवढेच करावे : नाल्यापर्यंत चालत जावे, पाणी पाहावे, आणि ज्यांनी ती मोळी तोडली ते राहतात कोठे हे विचारावे.